म्हशीचं दूध आणि रातकिड्याचं पीठ

वारणेच्या काठच्या माणसाला तोलामापाचं महत्त्व कुणी शिकवावं लागत नाही. ऊस काट्यावर जातो, दूध मापात जातं, आणि दोन्हींच्या पावत्या खुंटीला अडकवलेल्या पिशवीत जपून ठेवल्या जातात. तात्यासाहेब कोरे यांनी १९५०च्या दशकात या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी साखर कारखाना उभा केला. पुढं दूध संघ, बझार, शाळा-कॉलेजं अशी भर पडत गेली आणि माळावर वारणानगर वसलं. १९९८ मध्ये आसपासच्या ७० गावांत संगणक पोचवण्याचा प्रकल्प इथंच राबवला गेला. उसाची नोंद, वजन, बिल हे सगळं शेतकऱ्याला गावातच कळावं, हा त्यामागचा एक हेतू होता. मोजणाऱ्यावर विश्वास असेल तरच सहकार टिकतो, हे इथल्या घराघराला अनुभवानं ठाऊक आहे.

पुढची गोष्ट त्याच विश्वासाची आहे. तिच्यातली माणसं कल्पनेतली आहेत, विज्ञान मात्र खरं आहे.

वारणानगरजवळच्या एका गावात एक आज्जी आणि तिचा नातू राहत होते. गोठ्यात दोन म्हशी, नदीकडेला एकरभर ऊस. नातू वारणानगरच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला. पुण्या-मुंबईला नोकरीमागं धावण्यापेक्षा गावातच काहीतरी उभं करायचं, ही त्याची जिद्द. त्यानं बरंच वाचलं, चार ठिकाणी चौकशी केली आणि गोठ्यामागच्या पडक्या खोलीत रातकिडे पाळायला घेतले.

प्लास्टिकच्या मोठ्या क्रेटमध्ये अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावले, म्हणजे किड्यांना लपायला जागा झाली. खायला गव्हाचा कोंडा, मक्याचा भरडा, गाजराच्या फोडी. पाणी उघड्या वाटीत ठेवलं तर पिल्लं बुडून मरतात, म्हणून ओला स्पंज. माद्यांना अंडी घालायला ओल्या काथ्याच्या भुशाची ताटली. खोली तीस अंशांच्या आसपास ठेवली की सहा ते आठ आठवड्यांत रातकिडा पुरता वाढतो. मग त्याला फ्रीजमध्ये गारठवायचं, उकळत्या पाण्यातून काढायचं, ड्रायरमध्ये खडखडीत वाळवायचं आणि दळायचं. तपकिरी रंगाचं, खमंग वासाचं पीठ निघतं.

गाव हसलं. "उसाला हुमणी खाती, आन् ह्यो गडी किडं खानार!" पारावर हाच विषय. आज्जीला देवळात बायका विचारायच्या, "व्हय गं, नातवानं घरात रातकिडं पाळल्यात म्हनं?" आज्जी काही बोलायची नाही.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, असं मला मनापासून वाटतं. आपल्याच राज्यात, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, लाल मुंग्यांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. ओडिशातल्या मयूरभंजच्या 'काई' चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जगात सुमारे दोनशे कोटी लोकांच्या आहारात कीटक असतात, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१३ च्या अहवालात मांडला होता. युरोपीय संघानं २०२१ मध्ये वाळवलेली पिवळी पीठअळी माणसाचं अन्न म्हणून मंजूर केली. थोड्या जागेत, थोड्या पाण्यात, थोड्या चाऱ्यावर प्रथिनं तयार करणारा हा प्राणी आहे. जमीन तुकड्या-तुकड्यांत वाटली गेलेल्या आपल्या मुलखात अशा धंद्याकडं नीट बघायला हवं.

पण पीठ तयार झालं आणि खरी परीक्षा तिथून सुरू झाली.

पुण्याहून एक व्यापारी आला. पाळीव कुत्र्यांचं खाद्य बनवण्याचा त्याचा कारखाना होता. आज कुत्र्यांच्या खाद्यात, पुढं रीतसर मान्यता मिळाली तर माणसांच्या बिस्किटात, असा त्याचा बेत. त्यानं पीठ चिमटीत घेऊन पाहिलं, वास घेतला आणि दराचा हिशेब सांगितला. प्रथिनं ६० टक्के धरून मूळ दर. त्यावर जेवढे पॉइंट जास्त, तेवढी वाढ. खाली गेलं की कपात.

आज्जी दाराशी बसून ऐकत होती. तिला हा हिशेब समजावून सांगायची गरजच पडली नाही. उभा जन्म तिनं असंच दूध घातलं होतं. म्हशीच्या दुधाला फॅट ६ आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) ९ धरून दर, वर गेलं तर वाढ, खाली आलं तर कपात.

नातवानं एकाच पोत्यातलं पीठ नीट कालवून दोन पुड्या केल्या आणि दोन वेगळ्या प्रयोगशाळांना पाठवल्या. पंधरवड्यात दोन्ही कागद आले. पहिला म्हणत होता प्रथिनं ६८ टक्के. दुसरा म्हणत होता ५८.

दोन्ही कागदांवर सही, दोन्हींवर शिक्का. एका कागदावर आठ पॉइंटची वाढ, दुसऱ्यावर दोन पॉइंटची कपात. पोरगा तरुण होता, कर्ज काढून ड्रायर घेतलेला होता. त्यानं ६८ चा कागद वरच्या खिशात ठेवला, तोच आकडा व्यापाऱ्याला कळवला आणि ५८ चा घडी घालून ट्रंकेत टाकला.

रात्री जेवताना आज्जीनं विचारलं, "कागदं आली न्हवं?"

"आली आज्जी. अडुसष्ट लागलं."

"दुसरीकडं?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "अठ्ठावन्न."

"एकाच पोत्यातलं न्हवं दोनी?"

"व्हय."

"मग एक कागद चुकल्याला हाय."

"चुकेल कसा? दोन्हीकडं लाखा-लाखाची यंत्रं आहेत."

आज्जीनं हातातला घास ताटात ठेवला. "यंत्र म्हाग असंल बाबा. पन खरं कसलं असतंय, त्येची वळख त्या यंत्राला कुनी करून दिली, ते इचारलंस का?"

हा प्रश्न तिच्या तोंडी उगाच आला नव्हता.

गावच्या दूध संस्थेत पहिल्यांदा फॅट काढायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं, तेव्हाची गोष्ट. त्याआधी आम्ल घालून फॅट काढायचे. वेळ लागायचा, गर्दी व्हायची, आम्लानं टेस्टरच्या सदऱ्याला भोकं पडायची. नवं यंत्र मिनिटभरात आकडा दाखवायचं. सगळे खूश. आज्जीच्या म्हशीच्या दुधाला नेहमी सातच्या वर फॅट लागायची. यंत्र आलं आणि ती सहाच्या आसपास घुटमळायला लागली. चार दिवस तिनं बघितलं. सरकी बदलली नव्हती, ओली वैरण तीच, म्हस तीच, धार काढणारा हातही तोच. पाचव्या दिवशी ती किटली घेऊन काउंटरसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मशीन चुकतंय."

सेक्रेटरी म्हणाले, "आवो मावशी, मशीन कशाला खोटं बोलंल? त्येला काय तुमच्याशी भावकीचं भांडान हाय?"

मागची रांग हसली. आज्जी हलली नाही. "न्हाई, खोटं कुनी बोलत न्हाई. पन जुन्या रीतीनं एकदा काडून बगा. न्हाई लागली फॅट, तर मी पुन्यांदा तोंड उघडनार न्हाई."

जुना टेस्टर कोपऱ्यात उभा होता. त्यानं कपाटातून काचेचा ब्युटिरोमीटर काढला. आधी मोजून १० मिलिलिटर गंधकाम्ल ओतलं. मग पिपेटनं, आम्लाला एकदम मिसळू न देता, काचेच्या कडेनं १०.७५ मिलिलिटर दूध सोडलं. वर १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. बूच घट्ट बसवून फडक्यात गुंडाळून हलवलं, तसं आतलं मिश्रण तापलं आणि पांढऱ्याचं पिवळं, पिवळ्याचं गडद तपकिरी होत गेलं. दुधातली प्रथिनं आम्लात विरघळली, फॅट तेवढी मोकळी राहिली. सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवून त्यानं नळी ६५ अंशांच्या पाण्यात धरली आणि बाहेर काढून डोळ्यासमोर आडवा उजेड पडेल अशी उभी केली. अरुंद मानेत सोनेरी, नितळ थर उभा होता. खालची रेघ शून्यावर आणून त्यानं वरची वाचली.

सात पॉइंट एक.

रांगेत कुणी हसलं नाही. सेक्रेटरींनी स्वतः नळी हातात घेऊन वाचली. स्विस रसायनतज्ज्ञ निक्लाउस गर्बर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बसवलेली ही पद्धत. शंभराहून अधिक वर्षं ती गावोगावच्या डेअरीत भांडणं मिटवत आली आहे.

मग यंत्र बसवणाऱ्या माणसाला बोलावलं. चूक सापडायला फार वेळ लागला नाही. यंत्रात गाईच्या दुधाची खूण वेगळी, म्हशीच्या दुधाची वेगळी. त्यानं यंत्र लावताना गाईचंच दूध वापरलं होतं, आणि म्हशीचं दूधही त्याच खुणेवर मोजलं जात होतं. यंत्र फॅट डोळ्यानं बघत नाही. दुधातून जाणाऱ्या ध्वनिलहरींत काय फरक पडला, त्यावरून ते अंदाज बांधतं. म्हशीचं दूध मुळातच दाट, त्यातली फॅटही वेगळी आणि इतर घनपदार्थही वेगळे. गाईवर शिकलेला अंदाज म्हशीला लागू पडत नव्हता. यंत्र खोटं बोलत नव्हतं, त्याला म्हस माहीतच नव्हती.

तेव्हापासून त्या संस्थेत रोज पहाटे एक शिरस्ता पडला. आम्लानं फॅट आधीच काढून ठेवलेला गाईच्या दुधाचा एक नमुना आणि म्हशीच्या दुधाचा एक, दोन्ही यंत्रात घालायचे. आकडा जुळला तरच पहिली किटली उघडायची.

"काटा आदी पारखावा, मग माल जोखावा," आज्जी नातवाला म्हणाली. "आन् म्हशीचं दूध जोखायचा काटा म्हशीच्याच दुधावर पारखावा. तुझ्या त्या दोगांनी कशावर पारखलाय, जाऊन इचार."

पोरगा रात्रभर तळमळला. सकाळी ट्रंकेतला कागद काढून त्यानं दोन्ही एकत्र केले आणि कॉलेजातल्या आपल्या जुन्या सरांकडं गेला.

सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. ६८ च्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, नत्र १०.९ टक्के. सरांनी पेन्सिलीनं गुणाकार केला. १०.९ गुणिले ६.२५, उत्तर ६८.१.

"यांनी प्रथिनं मोजलीच नाहीत," सर म्हणाले. "नत्र मोजलं."

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. १८८३ मध्ये डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एक पद्धत बसवली. धान्य तीव्र गंधकाम्लात उकळायचं, त्यातलं नत्र अमोनियाच्या रूपात वेगळं काढायचं आणि मोजायचं. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असतं, म्हणून नत्राला ६.२५ नं गुणलं की प्रथिनं मिळतात, असा हिशेब रूढ झाला. दुधासाठी तो गुणक ६.३८ धरतात. पद्धत उत्तम, जगभर चालते. पण तिच्यात एक गृहीत दडलेलं आहे. मालातलं सगळं नत्र प्रथिनांतूनच आलं, हे ते गृहीत.

"रातकिड्याला कवच असतं," सर पुढं म्हणाले. "कोळंबीला, खेकड्याला असतं त्याच जातीचं. कायटिन. ते प्रथिन नाही, पण त्यात जवळपास ७ टक्के नत्र आहे. उद्या तू शंभर ग्रॅम निव्वळ कवच दळून या यंत्रात घातलंस, तर यंत्र सांगेल, यात ४३ ग्रॅम प्रथिनं आहेत. त्यातलं एक ग्रॅमही प्रथिन नसेल."

"मग दुसऱ्यांनी ५८ कसं काढलं?"

"त्यांनी प्रथिनं फोडून आतली अमिनो आम्लं एकेक करून मोजली आणि बेरीज केली. वेळखाऊ आणि खर्चिक, पण कवच त्यात शिरत नाही."

पोरानं विचारलं, "मग ६.२५ ऐवजी बरोबर गुणक कोणता धरायचा?"

सरांनी त्याला आवडेल असं उत्तर दिलं नाही, खरं ते सांगितलं. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तीन प्रकारच्या अळ्यांवर काम करून ४.७६ हा गुणक सुचवला. २०२० मध्ये दुसऱ्या एका गटानं पीठअळी, रातकिडा आणि टोळ तपासून ५.३३ सुचवला. कीटक बदलला, वय बदललं, मोजायची रीत बदलली की आकडा हलतो. "म्हणूनच एकट्या प्रयोगशाळेच्या शब्दावर भागत नाही. सगळ्यांनी ज्याच्याशी ताडून बघावं, असा एक खरा नमुना मध्ये लागतो."

असे नमुने तयार करणं हे स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्यामागच्या कष्टांची सामान्य माणसाला कल्पनाही नसते. रातकिड्यांचं पीठ एकदम मोठ्या प्रमाणात घ्यायचं, बारीक दळायचं, चाळायचं आणि इतकं एकजीव करायचं की पहिल्या बाटलीत आणि शेवटच्या बाटलीत फरक पडू नये. मग अधल्यामधल्या बाटल्या उचलून खरंच फरक नाही ना, ते तपासायचं. काही बाटल्या थंडीत, काही उष्णतेत महिनोन्‌महिने ठेवून आतला माल टिकतो का ते बघायचं. त्यानंतर प्रत्येक घटक वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या पद्धतींनी मोजायचा, आणि त्या एकमेकींशी जुळल्या तरच आकडा लिहायचा. त्या आकड्याशेजारी तो किती इकडं-तिकडं असू शकतो, हेही प्रामाणिकपणे लिहायचं. मला या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. आपल्याला किती खात्री आहे, हे मोजून सांगणारी माणसं समाजात फार थोडी असतात.

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं रातकिड्यांच्या पिठाचा असा नमुना तयार केला आहे, त्याचं नाव 'क्रिक-१'. पीठअळीचा 'व्हॉर्म-१' आणि काळ्या सैनिक माशीच्या अळीचा 'बीफ्लाय-१' हेही त्यांचेच. आपल्याकडं दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा 'भारतीय निर्देशक द्रव्य' या नावानं सोन्यापासून पुढं कितीतरी पदार्थांचे असे नमुने देते.

हा शास्त्रज्ञांचा फुकाचा काटेकोरपणा आहे, असं ज्याला वाटेल त्यानं २००८ साल आठवावं. चीनमध्ये दुधात पाणी घातलं जात होतं, आणि पाणी लपवण्यासाठी मेलॅमिन. मेलॅमिनमध्ये वजनाच्या दोन-तृतीयांश नत्र असतं. तपासणी नत्राची होती, त्यामुळं पातळ दूधही प्रथिनांनी भरलेलं दिसलं आणि कागदोपत्री उत्तम ठरलं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. तिथं लबाडी होती. आपल्या पोराच्या कागदात लबाडी नव्हती, फक्त बेसावधपणा होता. पण ज्या वाटेनं बेसावधपणा आत आला, त्याच वाटेनं लबाडीही येते.

सरांच्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेत रातकिड्यांच्या पिठाच्या त्या नमुन्याची बाटली होती. त्यांनी त्यातलं थोडं पीठ दोन पुड्यांत बांधून, नाव न लिहिता, दोन्ही प्रयोगशाळांना पाठवायची व्यवस्था केली. प्रथिनं काढा, आणि शिसं, कॅडमियम असे जड धातूही काढा, एवढंच कळवलं.

उत्तरं आली. दुसऱ्या प्रयोगशाळेचे आकडे बाटलीवरच्या आकड्यांशी जुळले. पहिलीचं नत्र अचूक होतं, अगदी दशांशापर्यंत. प्रथिनं फुगलेली होती. आणि कॅडमियमच्या रकान्यात लिहिलं होतं, 'आढळलं नाही'. बाटलीत ते होतं, किती होतं तेही ठरलेलं होतं.

हे वाचून पोराच्या पोटात गोळा आला. प्रथिनांच्या आकड्यात फार तर पैसे कमी-जास्त होतात. कॅडमियम मूत्रपिंडात साठत जातं. काही अळ्या तर खाद्यातलं कॅडमियम स्वतःच्या अंगात गोळा करतात, काळ्या सैनिक माशीची अळी त्यासाठी ओळखली जाते. किडा जे खातो ते पुढं खाणाऱ्याच्या पोटात जातं. कोंडा कुठल्या शेतातला, गाजरं कुठल्या पाण्यावरची, हे त्यानं आजवर कुणाला विचारलंच नव्हतं.

सर त्याला घेऊन पहिल्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या प्रमुख बाई शांतपणे सगळं ऐकून घेत होत्या. त्यांची यंत्रं स्वच्छ, नोंदवह्या चोख. रोज सकाळी त्या यंत्र पारखूनच काम सुरू करत. कशावर पारखता, असं सरांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "सोयापेंडीवर. आमच्याकडं ऐंशी टक्के माल तोच येतो."

सोयापेंडीला कायटिनचं कवच नसतं. धातू मोजण्याआधी माल आम्लात विरघळवावा लागतो; सोयापेंड जेवढ्या आम्लात, जेवढ्या वेळात विरघळते, तेवढ्यात चरबट आणि कवचवालं पीठ पुरतं विरघळलं नव्हतं, आणि न विरघळलेल्या भागातला धातू यंत्रापर्यंत पोचलाच नव्हता. पोराला सगळं एकदम उमगलं. तो म्हणाला, "आमच्या डेअरीतलं मशीन पण असंच गाईवर लावलेलं होतं." बाईंना आधी काही कळेना. त्यानं आज्जीच्या सात पॉइंट एकची हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी वही पुढं ओढली, नमुन्याचं नाव लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "मागवून घेते. तोवर किड्यांचा माल आम्ही घेणार नाही."

चूक कळल्यावर काम थांबवायला मोठं मन लागतं. त्या बाईंचा मला या गोष्टीत सगळ्यांत जास्त आदर वाटतो.

पोरानं आपलं पीठ दुसऱ्या प्रयोगशाळेकडून पुन्हा तपासून घेतलं. जड धातू मर्यादेच्या पुष्कळ खाली निघाले. त्या दिवसापासून कोंडा आणि भाजी कुठून आली, याची वही त्यानं सुरू केली. पोत्यावर छापलं, प्रथिनं ५८ टक्के, अमिनो आम्लांच्या बेरजेनं. खाली आणखी एक ओळ घातली. ज्यांना कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे, त्यांनी हा माल हाताळताना जपावं. कारण रातकिडा आणि कोळंबी ही लांबची भावकीच, एकाची ॲलर्जी असलेल्या माणसाला दुसराही बाधू शकतो.

व्यापारी आला. पोतं वाचून म्हणाला, "मागं तू अडुसष्ट सांगितलं होतंस."

"तो आकडा कवचासकट होता," पोरगा म्हणाला आणि दोन्ही कागद त्याच्यापुढं ठेवले.

"मग कपात होणार."

"होऊ द्या."

कपात झाली. ड्रायरचा हप्ता त्या महिन्यात आज्जीच्या दूधबिलातून गेला. गावात दोघं-तिघं म्हणाली, शिकून बी पोरगं भोळंच राहिलं. आज्जीनं ते ऐकलं आणि नेहमीसारखी किटली उचलून डेअरीकडं चालू लागली.

वर्षभरात व्यापाऱ्याकडं आणखी पाच-सहा जणांचा माल आला. कुणाचा ७०, कुणाचा ७२. त्यानं पोराचे कागद जपून ठेवले होते. सगळ्यांचा माल त्यानं त्याच दुसऱ्या प्रयोगशाळेत, त्याच रीतीनं तपासून घेतला. ७२ चे ५६ झाले, ७० चे ५४. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की ६० चा पाया मुळातच फुगलेल्या आकड्यांवर घातलेला होता. नव्या दरपत्रकात त्यानं पाया ५५ वर आणला, आणि अट घातली की रातकिड्याच्याच नमुन्यावर पारखलेल्या प्रयोगशाळेचा कागद असेल तरच माल घेणार. पोराचं पीठ ५८ ला होतं तिथंच होतं. त्याला तीन पॉइंटची वाढ मिळाली.

त्यानं ही बातमी आज्जीला सांगितली. आज्जी म्हणाली, "आता खोली वाढव. पन कोंडा इचारूनच घे."

गोष्ट इथं संपते, काम मात्र संपलेलं नाही. कॅनडातल्या त्या बाटलीत रातकिडा आहे. गडचिरोलीच्या लाल मुंगीचं पोषण आणि तिच्यातले धातू खात्रीनं मोजायचे असतील, तर मुंगीचाच नमुना लागेल, आणि तो आपल्या माणसांनी, आपल्या मातीतून करायला हवा. महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या रसायन विभागांनी आणि कृषी विद्यापीठांनी हे काम अंगावर घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि वाचकहो, घरात पोराबाळांसाठी प्रोटीनचा डबा आणाल, डेअरीला दूध घालाल किंवा कोंबड्यांना खाद्य घ्याल, तेव्हा आकडा वाचून थांबू नका. ही तपासणी कुठल्या नमुन्यावर पारखलेल्या यंत्रानं केली, एवढं विक्रेत्याला जरूर विचारा. उत्तर मिळालं नाही, तर तो आकडा धरून जास्तीचा दर देऊ नका.